विमलताईंचे एकतीस जोड

विमलताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती वर पाणी येतंय का हे विचारायला. सवयीनं दारात चपला काढल्या, तर आतून आवाज आला, "ए बाई, चपला घाल आणि मग आत ये."

मला वाटलं, फरशी ओली असेल. डोकावून बघते तर फरशी लख्ख, आणि विमलताई स्वतः सकाळी आठ वाजता पिस्ता रंगाच्या उंच टाचेच्या सँडल घालून इस्त्री करत उभ्या. मी उंबऱ्यातच थिजले. चपला घालून दुसऱ्याच्या घरात शिरायचं? आमच्या गिरगावच्या खोलीत असं कुणी केलं असतं तर आईनं त्याच चपलेनं हाणलं असतं.

"अगं ये ना! घर माझं, फरशी माझी, पुसणारीही मीच. मग तुझं काय जातंय?"

मी आत गेले, पण कशी, तर पंजांवर, चोरासारखी. त्या माझ्या पायांकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "उजवी टाच घासत चालतेस. त्या बाजूची चप्पल लवकर झिजत असेल." झिजत होतीच. नाव-गाव विचारायच्या आधी बाईनं माझ्या चपलेचं भविष्य सांगितलं. पाणी वर येत नव्हतं, तेही नंतर सांगितलं.

हे एकोणऐंशी सालातलं. आम्ही नुकतेच गिरगाव सोडून वाशीला राहायला आलो होतो. मी दुसऱ्या मजल्यावर, त्या तिसऱ्या, म्हणजे बरोब्बर माझ्या डोक्यावर. विमल जाधव, ड्रेस डिझायनर. तेव्हा हा शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला नीट कळत नव्हता, त्यामुळे सगळे 'त्या शिवणवाल्या बाई' म्हणायचे. मुंबईत मोठमोठ्या हॉटेलांत मिलच्या कापडांचे फॅशन शो व्हायचे, त्यात मुली जे घालून चालायच्या ते विमलताईंनी बेतलेलं असायचं. नाव मात्र कुठल्या तरी साहेबाचं लागायचं. पंधरा-सोळा वर्षं हे करून एके दिवशी त्या साहेबाशी कडाक्याचं भांडण केलं, जमवलेल्या पैशांतून स्वतःच्या एकटीच्या नावावर हा फ्लॅट घेतला, आणि शिवणयंत्र, दोन ट्रंका आणि एक लोखंडी कपाट घेऊन खाडी ओलांडून इकडे आल्या.

बाई एकटी, लग्न केलेलं नाही, कपडे शिवते आणि टाचा वाजवत जिना चढते. बिल्डिंगला तेवढं बस झालं. आमचे सेक्रेटरी नाडकर्णी, पहिल्या मजल्यावरचे, त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "जाधव म्हणजे, कुठले?"

"तिसऱ्या मजल्यावरचे."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"मूळचे पण तिसऱ्याच मजल्यावरचे. तळमजला मिळत होता, मी नको म्हटलं."

मग कुणीतरी त्यांच्या हॉलमधली पितळी बुद्धमूर्ती पाहिली आणि ज्यांना समजून घ्यायचं होतं त्यांनी ते घेतलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आम्ही सुशिक्षित माणसं! फक्त कुणाकडे बारसं असलं, गणपती असला, की बोलावणं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं आणि तिथेच दमायचं. माझ्या घरातलंसुद्धा. सासूबाईंवर ढकलता येईल मला, पण तोंड मलाही होतं.

त्या लोखंडी कपाटाचं सांगायलाच हवं. लोकांच्या कपाटात वरच्या फळीवर शालू-पैठण्या, आतल्या कप्प्यात दागिने. विमलताईंच्या साड्या खाली ट्रंकेत कोंबलेल्या, आणि कपाटात वरपासून खालपर्यंत नुसती पादत्राणं. एकतीस जोड, सगळे स्वतःचे. कुलाब्याला एक चिनी कारागीर होता, त्यानं त्यांच्या पावलाचा लाकडी साचा करून ठेवला होता आणि प्रत्येक मोठ्या शोच्या आधी त्या स्वतःसाठी एक जोड करून घ्यायच्या. काळ्या मखमलीचे मण्यांचं काम केलेले, पांढरे निमुळत्या टोकाचे, मोहरीच्या रंगाचे वीतभर जाड तळव्याचे, बेलबॉटमच्या दिवसांतले. आतल्या कप्प्यात, जिथे बायका मंगळसूत्र ठेवतात, तिथे हिरव्या साटीनचे होते. पहिल्या शोचे.

खाडीच्या दमट हवेला चामडं बुरसतं. म्हणून दर रविवारी सगळे जोड गॅलरीत उन्हाला मांडायच्या, आत वर्तमानपत्राचे बोळे, बाजूला कडुलिंबाचा पाला. खालून जाणारे माना वर करून बघायचे. तळवलीहून जनाबाई मासे घेऊन यायची, ती एकदा टोपली उतरवायची विसरून बघतच राहिली.

"बाय, पाय दोन आन् चपला येवऱ्या? कवा घालशील सगल्या?"

"एका दिवसात घालून दाखवीन, जनाबाई."

"येरी हाय ही," जनाबाई मला म्हणाली, येरी म्हणजे वेडी. पण त्या दिवशी कोळंबी मोजताना हात सैल सोडला तिनं.

त्यांची कामाची एक रीत होती आणि तिच्यावरून त्या देवाशीही भांडल्या असत्या. माप घेताना गिऱ्हाइकाच्या पायात तीच चप्पल हवी, जी त्या कपड्यावर घालायची आहे. "उघड्या पायाचं माप खोटं असतं," म्हणायच्या. "आपल्याकडे शिंप्याच्या दारात चपला निघतात, आणि घेरापासून फॉलपर्यंत सगळं अनवाणी मोजलं जातं. मग बाई टाचा घालून लग्नाला उभी राहते आणि परकर घोट्याच्या वर. अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायका चार बोटं आखूड कपडे घालून फिरतायत आणि कुणाला पत्ता नाही!"

मला हसू आलं होतं. त्याच वर्षी ऑफिसच्या स्नेहसंमेलनासाठी मी कोपऱ्यावरच्या टेलरकडून मॅक्सी शिवून घेतली, हौसेनं नवीन सँडल घेतल्या आणि स्टेजवर गेले. समोरच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पूर आला का गं?" घरी आल्यावर मोजलं. चार बोटं! दुसऱ्या दिवशी मॅक्सी घेऊन गुपचूप तिसऱ्या मजल्यावर गेले. विमलताईंनी बघितलं आणि इतक्या हसल्या की टाचण्यांची डबी सांडली. मग खालून अशी पट्टी जोडून दिली की मूळचीच वाटावी.

एकदा पनवेलहून एक वजनदार आई लेकीला घेऊन आली, रिसेप्शनचा घागरा शिवायला. दोघींनी दारात चपला काढल्या. विमलताई म्हणाल्या, घालून या. आई म्हणाली, "छे छे, आमच्याकडे पद्धत नाही." विमलताई म्हणाल्या, "माझ्याकडे अनवाणी माप घ्यायची पद्धत नाही." मी तिथे बटणं लावत बसले होते. दहा मिनिटं दोघी आपापल्या पद्धतीवर अडून उभ्या! शेवटी पोरगीच उठली, दाराबाहेर गेली, चपला चढवल्या आणि ताठ आत आली. विमलताईंनी टेप काढली. आई तणतणत जिन्यात जाऊन बसली, पण पुढे ओळखीतल्या आणखी तिघींना घेऊन आली, आणि तिघी चपलांसकट आत.

गुडघे दुखायचे त्यांचे. पन्नाशीला आलेल्या बाईनं दिवसभर टाचांवर उभं राहायचं म्हटल्यावर दुखणारच. डॉक्टरांनी सपाट चपला सांगितल्या होत्या. "दुखू देत," म्हणायच्या, "गुडघे माझेच आहेत, शेजाऱ्यांचे नाहीत." माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती पावलांवरून. नाडकर्णींना त्या 'अंगठा वर काढून चालणारे' म्हणायच्या. मी होते 'टाच घासणारी', ते कितीतरी महिने. मग केव्हातरी नलू झाले.

आता त्या नोटिशीचं. हे सांगताना अजूनही माझी मान खाली जाते, पण सांगते.

नाडकर्णी वाईट माणूस नव्हते. पाण्याचा टँकर आणण्यापासून जिन्यातले बल्ब बदलण्यापर्यंत सोसायटीचं सगळं तेच बघायचे. त्यांना दुपारी दोन ते चार झोप लागायची आणि त्याच वेळी विमलताईंची ये-जा असायची. सिमेंटचा जिना, त्यावर लाकडी टाचा, टक् टक् टक्. मीटिंगमध्ये विषय निघाला. विमलताई तेव्हा कापड आणायला मुंबईला गेल्या होत्या. नाडकर्णी म्हणाले, "बाईंना सांगू, दुपारच्या वेळी सँडल हातात घेऊन चढत जा. आहे काय त्यात?" सगळ्यांनी माना हलवल्या. माझं अक्षर चांगलं म्हणून सोसायटीच्या नोटिसा मी लिहायची. मी लिहिलं: 'तिसऱ्या मजल्यावरील रहिवाशांनी दुपारी जिना चढताना-उतरताना टाचेची पादत्राणे कृपया हातात घ्यावीत.' ते 'कृपया' मी स्वतःच्या मनानं घातलं होतं आणि वर स्वतःवर खूश झाले होते. काय बोलायचं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. विमलताई. बसल्या नाहीत.

"अक्षर छान आहे तुझं."

मी काहीतरी पुटपुटले, नाडकर्णींची झोप, लाकडी टाचा, रबर लावून घेतलं तर...

"आवाज कमी करा म्हणाले असते तर आजच मोच्याकडे जाऊन रबर ठोकून आणलं असतं. हातात घ्या म्हणाले ना? आणि तू ते लिहिलंस ना?" मग एकदम आवाज खाली आला. "ऐक. मी सात वर्षांची होते. माझे वडील गोदीत कामाला. त्यांनी मला मुंबईत कॅनव्हासचे बूट घेतले होते, पांढरे. ते घालून मी आईबरोबर गावी गेले, मंडणगडकडे. गावाची वेस आली तशी आईनं स्वतःच्या वहाणा काढल्या, माझे बूट काढले आणि टोपलीत गवताखाली ठेवले. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, इथून पुढं पाय मोकळे बरे असतात बाळा, गार राहतात. वरची आळी ओलांडून आमच्या वस्तीत गेल्यावर परत घातले. मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं की पाय गार राहावेत म्हणून काढतात. बारा वर्षांची झाल्यावर कळलं. मला त्या आळीचा राग आहेच, नलू. पण त्याहून राग याचा आहे, की माझ्या आईला त्यांनी माझ्याशी खोटं बोलायला लावलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "विमलताई, नाडकर्णींच्या मनात तसं काही नव्हतं हो. शपथ घेऊन सांगते."

"माहीत आहे मला. म्हणूनच जास्त संताप येतो. मनात काही नव्हतं, तरी बरोब्बर तेच वाक्य निघालं त्यांच्या तोंडातून. आणि तुझ्या हातातून." दाराकडे वळल्या. "देवळात सगळे काढतात, तिथे मीही काढते. मला एकटीला काढायला सांगितलं की नाही काढत. रविवारी घरी आहेस ना?"

रविवारी बरोब्बर दोन वाजता वरचं दार उघडलं. टक् टक् टक्. मी दार किलकिलं केलं. विमलताई काळ्या मखमलीचे घालून, कडक इस्त्रीची साडी, केसांत फूल, जिना उतरत होत्या. खाली गेल्या, फाटकाला हात लावला, वर आल्या. दार बंद. पाच मिनिटांनी उघडलं. या वेळी मोहरीच्या रंगाचे. मग पांढरे. मग तांब्याच्या रंगाचे, ज्यांच्या टाचा पितळी होत्या आणि त्यांचा आवाज म्हणजे देवळातली घंटा! तीन मजले खाली, तीन मजले वर. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की बाई एकतीसच्या एकतीस घालणार आहे.

चौथ्या जोडाला नाडकर्णी बनियनवर बाहेर आले. "अहो मिस जाधव, हे काय चालवलंय?"

"चालतेय," विमलताई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पाचव्याला त्यांनी दार आपटलं. सातव्याला पुन्हा उघडलं, पण नाडकर्णीकाकूंनी. त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. नवव्याला म्हणाल्या, "अगंबाई, यावर काय जरीचं काम आहे का हो?" विमलताई थांबल्या, पाय पुढे केला. "जर नाही, काचेचे मणी. हाताने ओवलेत. हात लावून बघा." काकूंनी वाकून हात लावला. नाडकर्णी आतून ओरडले, "अगं, दार लाव!" काकूंनी लावलं नाही. तळमजल्याच्या बायका आल्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या आल्या, जिन्याच्या पायऱ्यांवर कडेनं बसल्या. विमलताई प्रत्येक जोडाची गोष्ट सांगत होत्या, हे अमक्या शोचे, हे घालून साहेबाशी भांडले, हे पावसात भिजून फुगले ते उकलून पुन्हा शिवले. पंधराव्यानंतर त्यांचा श्वास लागायला लागला. वीसनंतर हात कठड्यावर. मी पाणी घेऊन उभी राहिले. म्हटलं, "बास करा आता, झालं." माझ्याकडे असं बघितलं की मी पेला घेऊन गप्प भिंतीला टेकले. पंचविसाव्याला टाचेतून रक्त आलं होतं. त्यांनी आत जाऊन पट्टी लावली आणि सव्विसावा घातला.

हिरव्या साटीनचा जोड शेवटचा. दिवेलागणी झाली होती. फाटकाला हात लावून वर येताना पहिल्या मजल्यावर नाडकर्णी दारात उभे होते, आता सदरा घालून. विमलताई त्यांच्या समोर थांबल्या. घाम निथळत होता, पण मान ताठ.

"मी या जिन्यात हातात काही घेणार नाही, नाडकर्णी. का, ते नलूला विचारा. आणि नंतर झोपा."

मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, "माझ्या लक्षात नाही आलं हो." हेच तर. माझ्याही नव्हतं आलं. ती नोटीस मी माझ्या हातानं फाडायला हवी होती, पण फलकाच्या काचेच्या दाराची किल्ली नाडकर्णींकडे आहे असं स्वतःला सांगत मी घरी गेले. सकाळी बघितलं तर ती नव्हती. त्यांनीच काढली असणार.

पुढच्या आठवड्यात विमलताईंनी रोजच्या सगळ्या सँडलना रबर ठोकून आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणूनच.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही. काही दारं बंदच राहिली. पण माझ्या घरच्या गणपतीला त्या वर्षी विमलताई आल्या. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. मी म्हटलं, नका बोलू. ही भाषा मला पूर्वी येत नव्हती.

सत्त्याऐंशी साली त्या पडल्या. बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर. मी धावत वर गेले तर जमिनीवर पडल्या पडल्या पहिलं वाक्य, "नलू, लिहून ठेव. अनवाणी असताना पडले." मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर त्या बहिणीकडे परळला गेल्या त्या परत आल्या नाहीत, दोन वर्षांनी तिथेच वारल्या. जोडांचं काय झालं विचारतात लोक. बहिणीच्या मुलींनी, सुनांनी घालून घालून झिजवले. मी परळला भेटायला जायची, पण पलंगावरचा तो चेहरा मी त्यांचा धरतच नाही. माझ्या लेखी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पडल्या त्याच सकाळी.

त्यांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं. नाडकर्णी पुढे, "सांभाळून, सांभाळून" करत. मी मागून, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात, हॉस्पिटलमधून येताना लागतील म्हणून, दाराशी दिसल्या त्या डाळिंबी सँडल. जिन्याच्या पहिल्या पायरीवर विमलताईंनी हात वर केला.

"थांबा. नलू, हातात काय आहे?"

"तुमच्या सँडल."

"पायात घाल."

"अहो ताई, हाड मोडलंय," नाडकर्णी कळवळून म्हणाले, "कुठे चालायचंय तुम्हाला?"

"हाड माझं मोडलंय. तुम्ही जिना बघा."

मी खाली बसले. उजवा पाय सुजून टम्म झालेला. हात लावला तशी त्यांनी खुर्चीचा दांडा असा आवळला की बोटं पांढरी पडली, पण आवाज काढला नाही. पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला. मला रडू फुटलं होतं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? बक्कल नीट लाव."

तीन मजले त्या तशाच उतरल्या, अधांतरी, पायात डाळिंबी टाचा. खाली टॅक्सी. त्यांना मागच्या सीटवर आडवं निजवलं, निरोप मिळताच परळहून आलेली बहीण उशाशी बसली. पाय सरळ ठेवायचा होता, त्यामुळे टाचा दाराबाहेर येत होत्या. ड्रायव्हरनं दार लावून बघितलं, लागेना.

"मॅडम, चप्पल निकाल दो, तो दरवाजा बंद हो जायेगा."

"दरवाजा खुला रखो," विमलताई आतून म्हणाल्या.

ड्रायव्हरनं आमच्याकडे बघितलं. मी काही बोलणार, एवढ्यात नाडकर्णींनी खांद्यावरचा पंचा काढला, उघड्या दाराच्या कडीतून ओवला, दुसरं टोक आतल्या दांड्याला घट्ट बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली. म्हणाले, "जाव. धीरे चलाव."

टॅक्सी फाटकातून निघाली. दार वीतभर उघडं, आणि त्यातून दोन डाळिंबी टाचा बाहेर. पुलाच्या रस्त्याला लागेपर्यंत दिसत होत्या.